उताराची जमीन मोजणीत ‘चोरीला’ जात नाही

कोकणात वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची मोजणी झाली की हमखास ऐकू येतं: “आम्ही टेप लावला तेव्हा जास्त भरली होती, मोजणीदाराने खाल्ली!” खाल्ली कुणीच नाही. टेप उतारावर लोळवला होता, एवढंच.

नकाशा आणि सातबारा यांवरचं क्षेत्र हे आडव्या, समतल पातळीतलं असतं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, तोही सपाटीवरचा. 20 अंशांच्या उतारावर टेपने 30 मीटर भरले, तर आडवं अंतर साधारण 28.2 मीटरच येतं.

मग मोजणीला टेपऐवजी लोखंडी साखळी वापरायचे, त्या काळात कसं मोजायचे? पायऱ्यापायऱ्यांनी. साखळीचं एक टोक वर जमिनीला टेकवायचं, दुसरं हवेत समपातळीत ताणायचं, तिथून ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे खूण करून पुढची पायरी धरायची. खालचा माणूस हात उंच धरून कंटाळतो, पण माप चोख येतं. टोटल स्टेशन हे आजचं मोजणीयंत्र हाच हिशेब तिरकं अंतर आणि कोन मोजून करतं.

आणि जास्त भरलेल्या त्या ‘जमिनीवर’ घराचं जोतं काही मोठं होत नाही. तेही आडवंच बसतं.