अणू की रेणू? आणि हिंदीतला ‘अणु’ कोणता?

सातवी-आठवीतली मुलं मराठी पुस्तकात ‘अणू’ वाचतात आणि संध्याकाळी हिंदी व्हिडिओत ‘अणु’ ऐकतात. शब्द एकच वाटतो, पण अर्थ वेगळा आहे. मराठीत सुटा असतो तो अणू, आणि अणू एकमेकांना जोडले गेले की होतो रेणू. विज्ञानाच्या हिंदी पुस्तकांत मात्र सुट्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि आपल्या रेणूला ‘अणु’. त्यामुळे ‘पाण्याचा अणु’ हिंदीत बरोबर, मराठीत चूक. गोंधळलेल्या मुलाला रागावण्याआधी एवढं तपासून बघावं.

मराठीत ते चूक का? पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू असतात. ते सुटे केले की हायड्रोजन उरतो, ऑक्सिजन उरतो, पाणी उरत नाही. म्हणून पाण्याचा अणू नसतोच.

‘अणू लहान, रेणू मोठा’ हे पाठांतर मला अजिबात आवडत नाही. सीझिअमचा एकटा अणू हायड्रोजनच्या अख्ख्या रेणूपेक्षा मोठा असतो. फरक आकाराचा नाही, जोडणीचा आहे. ऑक्सिजनचेच दोन अणू जोडले की आपण श्वासात घेतो तो वायू होतो. तीन जोडले की ओझोन, जो श्वासातून आत गेला तर फुप्फुसांना अपाय करतो. अणू तेच, रेणू वेगळा, गुणधर्मही वेगळे.

हा फरक मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही सहज उमगला नव्हता. जॉन डाल्टन पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मानत. पण प्रयोगात दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापं वाफ मिळत होती. सारख्या मापात कणांची संख्या सारखी धरली, तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण वाफेच्या दोन कणांत वाटला जायला हवा. अणू अर्धा होणार कसा? 1811 मध्ये इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रो यांनी उत्तर दिलं: ऑक्सिजनचे अणू जोडीने असतात, आणि तुटते ती जोडी. किती साधं, किती सुंदर! तरी रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घ्यायला जवळजवळ 50 वर्षं गेली. 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो यांनी ते पुन्हा ठामपणे मांडलं.

आता चहाच्या आधणाकडे बघा. उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे, असं विचारलं की बरीच मुलं हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे सांगतात. ते असतात वाफेचे. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात. रेणूच्या आतले अणू जोडलेलेच राहतात. ती जोडणी तोडायची तर पाण्यातून वीज सोडण्यासारखं काहीतरी करावं लागतं.

सगळेच अणू असे जोडले जात नाहीत. हेलिअम, निऑन, अरगॉन हे वायू सुट्या अणूंचेच राहतात.

मीठ मात्र सुटे अणू आणि रेणू या दोन्ही खणांत बसत नाही. मिठाच्या खड्यात सोडिअम आणि क्लोरिनचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आळीपाळीने चहूबाजूंना रचलेले असतात. त्यात ‘हा एक रेणू’ असं बोट ठेवून दाखवता येत नाही. मिठाचं सूत्र सांगतं ते फक्त प्रमाण: एका सोडिअमला एक क्लोरिन.