कात्रणाची पाठ: नियतकालिकांचे संदर्भ देण्याची रीत कुठून आली

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, या जनमत कौलाच्या आसपासचं एक कात्रण माझ्याकडे आहे. पणजीच्या एका दैनिकातलं, वहीत डिंकाने डकवलेलं, कडेला निळ्या शाईत नुसतं '१९६७'. महिना नाही, पानाचा आकडा नाही. कौल झाला १६ जानेवारी १९६७ ला, म्हणून मी तो लेख जानेवारीतला धरून चाललो होतो. एके दिवशी डिंक सुटला आणि पाठ दिसली: कापडाच्या दुकानाची चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, जाहिरात. लेखात विलीनीकरणाचा निकाल अजून लागायचाय. म्हणजे चवथ फार तर १९६६ ची, आणि कडेचं साल चुकीचं.

वर्तमानपत्राला तारीख आणि नियतकालिकाला खंड-अंक हा भेद कागद कसा जपला जायचा त्यातून आला. १६६५ साली पॅरिसला 'जुर्नाल दे साव्हां' आणि दोनच महिन्यांनी लंडनला 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' निघालं. अशा नियतकालिकांचे अंक साठले की बांधून घ्यायचे. ती बांधणी म्हणजे खंड. पुढे पुष्कळ नियतकालिकांनी पानांचे आकडेही खंडभर सलग ठेवले, त्यामुळे खंड आणि पान सांगितलं की महिन्यावाचून अडत नसे. वर्तमानपत्र मात्र दुसऱ्या दिवशी वाण्याच्या पुडीला. त्याची ओळख तारखेचीच. जुन्या मराठी मासिकांच्या संदर्भात 'पुस्तक अमुक, अंक तमुक' असं येतं. तिथे 'पुस्तक' म्हणजे खंड. हे माहीत नसलेला विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं धुंडाळत बसतो.

आडनाव आणि साल कंसात टाकायची पद्धत, जिला हार्वर्ड म्हणतात, तिचा उगम सहसा एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ मधल्या लेखाशी नेऊन ठेवतात. लेखाचा विषय बिनशंखाची गोगलगाय, पावसाळ्यात कुळागरात दिसते तसली. पुढे नियमपुस्तकं आली: शिकागो विद्यापीठाचं १९०६ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं १९२९ मध्ये (तेव्हा ते जेमतेम सात पानांचं होतं), भाषा-साहित्यवाल्यांचं १९५१ मध्ये. आपल्या प्रबंधांतलं 'तत्रैव', म्हणजे 'तिथेच, आधीच्या तळटीपेतल्याच ठिकाणी', हे लॅटिन 'इबिडेम'चं संस्कृत रूप. मला ते आवडतं, पण मध्ये एक तळटीप घुसली की ते भलत्याच लेखाकडे बोट दाखवतं.

या नियमांनी गृहीत धरलेलं असतं की लेखकाचं नाव एकच, गावाचं नाव एकच, पत्राची भाषा एकच. गोव्यात तिन्ही गृहीतं डळमळतात. इथलं पहिलं वर्तमानपत्र, 'गाझेत द गोवा', २२ डिसेंबर १८२१ ला निघालं, पोर्तुगीजमधून. पणजीचं नाव १८४३ पासून सरकारदरबारी 'नोव्हा गोवा'. जुन्या छापील पानावर प्रकाशनस्थळ तेच. 'ओ हेराल्दो' १९०० मध्ये पोर्तुगीजमध्ये सुरू झालं आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालं, नाव तेच ठेवून. आणि इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर! मराठी वाचकांना हे ठाऊक असलेलं नाव, पण 'इन्स्टिट्यूट वास्को द गामा'च्या बुलेटिनात त्यांच्या पोर्तुगीज लेखांखाली 'पांडुरोंग' अशा पोर्तुगीज वळणाने येतं. सूचीत दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पडल्या तर एका इतिहासकाराचे दोन होतात. माझा शिरस्ता असा: छापलंय ते तसंच द्यावं, रूढ नाव चौकटी कंसात. 'नोव्हा गोवा [पणजी]'. गाव आधुनिक करून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण ग्रंथालयाच्या जुन्या नोंदवहीत पणजी शोधून तो अंक मिळणारच नाही.

मराठी दैनिकांत आणखी एक मेख: आवृत्ती. 'तरुण भारत'च्या बेळगाव आवृत्तीचं पान ४ आणि गोवा आवृत्तीचं पान ४ एकच असेल असं नाही. आवृत्ती लिहिली नाही तर पानाचा आकडा फुकट. अग्रलेखाला तर बहुधा लेखकाचं नावही नसतं. तिथे मथळ्यापासून नोंद सुरू करायची. २००० पासून शोधनिबंधांना कायमचा क्रमांक, म्हणजे डीओआय, मिळू लागला. वर्तमानपत्रांना तो सहसा नसतो, दुवे मरतात, म्हणून आपण पान पाहिल्याची तारीखही टाकलेली बरी.

१९६६ चे ऑगस्ट-सप्टेंबर चाळायला पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात माझे दोन दिवस गेले. आधी जाहिरात सापडली. पान उलटलं तर लेख. कात्रणाच्या कडेचं '१९६७' मी खोडलं नाही. त्याखाली पेन्सिलीने तारीख आणि पान लिहून ठेवलं.