ग्लिसरीन

ग्लिसरीन (ग्लिसरॉल) : ओलावा शोषून धरून ठेवणारा रंगहीन, वासहीन, गोडसर, दाट द्रव. साबण, क्रीम, लोशन, टूथपेस्ट यांत आर्द्रताधारक म्हणून त्याचा वापर होतो. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.२६ पट व उकळबिंदू २९०° से. आहे.

स्वीडिश रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांना १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल मुर्दाडशिंगाबरोबर (शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवताना हा गोड पदार्थ प्रथम मिळाला. तेल-चरबीच्या रेणूत तीन मेदाम्ले ग्लिसरीनच्या एका रेणूला जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झाली की मेदाम्लांचा साबण बनतो आणि ग्लिसरीन सुटे होते. ते मूळ तेलाच्या वजनाच्या साधारण एक दशांश भरते. म्हणजे साबणात ग्लिसरीन मुद्दाम घालावे लागतेच असे नाही, ते तिथेच तयार होते. मोठ्या कारखान्यांत मात्र मिठाच्या पाण्याने साबण वेगळा काढतात आणि खाली उरलेल्या द्रावणातून ग्लिसरीन काढून घेतात, कारण औषधे व प्रसाधनांसाठी त्याला स्वतंत्र मागणी आहे. थंड पद्धतीने (न उकळता) केलेल्या हातबनावटीच्या साबणात ते वडीतच राहते.

ग्लिसरीनच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात व ते हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधील सौम्य आकर्षणाने, पाणी धरून ठेवतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील पाणी कमी झाले की तो थर कडक होतो, तडकतो. ग्लिसरीन या थरात मुरते आणि तिथले पाणी टिकवते. याशिवाय, हवा कोरडी असताना पेशींमधील स्निग्ध पदार्थांना घट्ट स्फटिकरूप घेण्यापासून ते रोखते, हे त्याचे काम ओलावा ओढण्याइतकेच मोलाचे आहे. शरीरही ग्लिसरीन वापरते. ॲक्वापोरिन-३ हे प्रथिन पाण्याबरोबर ग्लिसरीनही पेशींच्या पटलांतून पार नेते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते आणि ग्लिसरीन दिल्यावर सुधारते, असे प्रयोगांत दिसले आहे.

निव्वळ ग्लिसरीन त्वचेवर चोपडू नये. ते चिकट लागते, आणि हवा फार कोरडी असेल तर त्वचेच्या आतल्या थरांतूनच पाणी ओढू शकते. पाण्यात मिसळून, शक्यतो पेट्रोलियम जेलीसारख्या बाष्परोधक पदार्थाच्या जोडीने वापरल्यास गुण चांगला येतो. साबणातले बरेचसे ग्लिसरीन धुऊन जाते. त्यामुळे कोरड्या त्वचेवर खरा उपाय अंघोळीनंतर ओलसर अंगाला लावलेले लोशन हाच; ‘ग्लिसरीनयुक्त’ साबणाकडून फार अपेक्षा ठेवणे योग्य नाही. पारदर्शक साबण म्हणजे भरपूर ग्लिसरीन, हा समजही अर्धवट आहे. वडीला पारदर्शकता मद्यार्क, साखर किंवा सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) यांच्या साहाय्यानेही येते.

दमट हवेत ग्लिसरीन साबणाच्या उघड्या वडीवर बारीक थेंब जमतात. साबण बिघडल्याची ही खूण नव्हे. ग्लिसरीनने हवेतले पाणी ओढलेले असते. म्हणून अशा वड्या थंड होताच हवाबंद गुंडाळतात.

आज बायोडिझेलच्या (तेल-चरबीपासून केलेल्या इंधनाच्या) निर्मितीतून जोडउत्पादन म्हणून कच्चे ग्लिसरीन मोठ्या प्रमाणावर मिळते. प्रसाधनांसाठी ते शुद्ध करावे लागते. तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या बाबतीत डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ तपासणे अत्यावश्यक असते. हे विषारी रसायन दिसायला व चवीला ग्लिसरीनसारखेच असून मूत्रपिंडे निकामी करते. १९९६ मध्ये हैतीत आणि २००६ मध्ये पनामात अशा भेसळीच्या औषधांनी अनेकांचे बळी घेतले.