स्युडोमोनास सिरिंगी

स्युडोमोनास सिरिंगी हा झाडांना रोग लावणारा बॅक्टेरिया आहे, टोमॅटोच्या पानाफळांवर बारीक काळे ठिपके पाडणारा आणि किवीच्या वेली वाळवणारा हाच, त्याचे प्रकार मात्र वेगवेगळे. लायलॅक नावाच्या फुलझाडावर सापडला आणि लायलॅकचं शास्त्रीय नाव सिरिंगा, म्हणून हे नाव, डच शास्त्रज्ञ व्हॅन हॉल यांनी १९०२ मध्ये दिलेलं. पुस्तकांत तो बहुतेक वेळा पिकांच्या रोगांच्या धड्यातच भेटतो आणि तिथेच त्याची अर्धी गोष्ट राहून जाते, कारण शेत हे त्याच्या प्रवासातलं फक्त एक ठिकाण आहे.

निरोगी पानांवरसुद्धा तो काही त्रास न देता राहतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांच्या अंगावर एक प्रोटीन असतं, त्याच्याभोवती पाण्याचे कण बर्फासारखे रचले जातात आणि उणे २ अंशाच्या आसपासच पाणी गोठायला लागतं, नाहीतर पानावरचं पाणी त्याहून थंड होऊनही पातळच राहू शकतं. गोठलं की पानाच्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो आणि बॅक्टेरियाला आत शिरायला वाट मिळते. हेच प्रोटीन वापरून, म्हणजे मेलेले बॅक्टेरिया पाण्यात मिसळून, स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडतात.

आता खरी मजा. वाऱ्याने हे बॅक्टेरिया पानांवरून उडून ढगात जातात, तिथे त्यांच्याभोवती बर्फाचे कण धरतात आणि पावसाबरोबर, बर्फाबरोबर ते परत खाली येतात, अशी कल्पना वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक डेव्हिड सँड्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. पाऊस पाडण्यात त्यांचा वाटा किती यावर अजून वाद आहे, धूळही तेच काम करते. पण २००८ मध्ये याच विषयाच्या संशोधक सिंडी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी पाऊस, बर्फ, डोंगरातले झरे, तळी आणि रानटी झाडं तपासली तर सगळीकडे हा सापडला, म्हणजे जिथून पाणी फिरतं तिथून हाही फिरतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नुसतं शेत स्वच्छ ठेवून रोग बाहेर राहील हे गृहीत धरता येत नाही.

रस्त्याकडेची झाडंही सुटलेली नाहीत. त्याचा एक प्रकार १९६९ मध्ये भारतात, हिमालयातल्या हॉर्स चेस्टनट या झाडाच्या पानांवरच्या ठिपक्यांतून वेगळा केला गेला होता, तिथे दुखणं पानांपुरतंच होतं. २००० नंतर ब्रिटनमध्ये त्याच्याच जवळच्या नात्यातल्या बॅक्टेरियाने युरोपियन हॉर्स चेस्टनटची खोडं धरली, साल फुटून त्यातून काळपट रस गळायला लागला आणि बागांमधली, रस्त्याकडेची कितीतरी मोठी झाडं गेली.