सिमरस्टॅट म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे

हॉटप्लेटची आच ताब्यात राहावी म्हणून नॉब बदलायला निघालेला माणूस दुकानात जाऊन ‘हॉटप्लेटचा रेग्युलेटर द्या’ म्हणतो आणि हाती पडेल तो बसवतो. ‘रेग्युलेटर’ हा शब्दच आधी सोडा. सिमरस्टॅट आणि थर्मोस्टॅट, दोन्हींना नॉब असतो, बहुधा दोन्हींत बायमेटलची, म्हणजे तापली की वाकणारी दोन धातूंची पट्टी असते, दोन्ही टिक् आवाज करून दिवा विझवतात. काम मात्र सर्वस्वी वेगळं.

थर्मोस्टॅट इस्त्रीमुळे घरोघरी ओळखीचा आहे: ठरलेलं तापमान आलं की तोडतो, निवलं की जोडतो.

सिमरस्टॅट प्लेटचं तापमान बघतच नाही. त्याच्या पोटात स्वतःचा बारीक हीटर असतो. तो पट्टीला तापवतो, पट्टी वाकून करंट तुटतो, निवली की पुन्हा जुळतो. वर पातेलं आहे की प्लेट रिकामी, त्याला पत्ता नसतो. नॉब ठरवतो ते फक्त किती वेळ चालू आणि किती वेळ बंद. 1500 वॅटची प्लेट एक पंचमांश वेळ चालली, की सरासरी 300 वॅट.

आता आमटी घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे इथे पाणी 98-99 अंशांना उकळतं. आमटी हळू रटरटत असो की धो धो उतू जात असो, तिचं तापमान तेच राहतं. मग थर्मोस्टॅटने ओळखायचं काय? तो पूर्ण 1500 वॅट देतो, मग शून्य, मग पुन्हा पूर्ण; आमटी एकदा उसळते, एकदा गप्प बसते. इथे सिमरस्टॅटच हवा.

चटणीच्या शेंगा भाजताना नेमकं उलटं. त्यात आच अडवून धरणारं पाणी नाही. सिमरस्टॅट ठरलेले वॅट देतच राहतो, कढई चढतच जाते. दाणे बाहेरून काळे, आत कच्चे. कडक भाकरी वाळवतानाही हेच. कोरड्या कामाला थर्मोस्टॅट हवा, तोही 50 ते 300 अंशांचा, कॅपिलरीवाला, म्हणजे पट्टीऐवजी बारीक नळीच्या टोकाला तापमान ओळखणारा बल्ब असलेला. त्याचा बल्ब प्लेटच्या तळाला पट्टीने घट्ट आवळा. बल्ब हवेत लोंबकळत राहिला तर त्याला उशिरा कळतं आणि प्लेट तोवर पुढे गेलेली असते. नळीला तीव्र मोड देऊ नका.

दोन्ही कामं एकाच प्लेटवर करायची असतील तर दोन्ही बसवा. मी तर तेच सुचवेन. क्रम महत्त्वाचा: फेज, थर्मल फ्यूज (फार तापलं की करंट तोडणारा), सिमरस्टॅट, थर्मोस्टॅट, एलिमेंट. थर्मोस्टॅट सिमरस्टॅटच्या आधी घातला, तर तो तुटल्यावर सिमरस्टॅटची पट्टीही निवते आणि परत जोडलं की प्लेट बराच वेळ पूर्ण जोरात चालते. थर्मल फ्यूज कधीही बायपास करू नका.

जोडणीतली सर्रास चूक: थर्मोस्टॅटला दोनच टर्मिनल, म्हणून सिमरस्टॅटलाही दोनच वायरी लावतात. त्याच्या आतल्या हीटरला न्यूट्रलही लागतो. तो नसेल तर पट्टी तापतच नाही; नॉब कितीही फिरवा, प्लेट पूर्ण जोरात. टर्मिनलची खूण वस्तूवर छापलेल्या नकाशावरूनच बघा, अंदाजाने नको.

बाकीचं थोडक्यात. पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, तो जळेल. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपियर, म्हणून 16 अँपियरचा सॉकेट. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची, सिलिकॉनची किंवा फायबर स्लीव्हची. साधी पीव्हीसी प्लेटखाली वितळते. सोल्डर नको, वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून (क्रिंप करून) बसवा. अर्थिंग बॉडीला पक्कं.

सिमरस्टॅट प्लेटखाली ठेवू नका, बाजूच्या डब्यात ठेवा. त्याची पट्टी आजूबाजूच्या उष्णतेनेही वाकते आणि नॉबचे आकडे खोटे पडतात.

व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं, तर 1500 वॅटची प्लेट हजारावर उतरते. तेव्हा सिमरस्टॅटचा आतला हीटरही मंदावतो, प्लेट जास्त वेळ चालू राहते आणि तूट काही अंशी भरून निघते.

चालू करण्याआधी, प्लग काढून, मीटरने एलिमेंट मोजा: 1500 वॅटला सुमारे 35 ओहम, बॉडी आणि फेजमध्ये जोडणी अजिबात दिसता कामा नये. मग थर्मोस्टॅट पूर्ण वर, सिमरस्टॅट सर्वांत खाली ठेवून दहा मिनिटं सिमरस्टॅटच्या आउटपुटचा दिवा बघा. तो एकदाही विझला नाही, तर न्यूट्रल पोचलेला नाही.