रेफ्युजियमचा लाइट रात्री लावायचा, पण ‘डार्क रिअ‍ॅक्शन’साठी नाही

समुद्री टँकवाल्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो, की रेफ्युजियममधल्या (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातल्या) शेवाळाला रोज काही तास अंधार द्यायलाच पाहिजे, कारण उजेडात ते ऊर्जा गोळा करतं आणि अंधारात त्या ऊर्जेची साखर बनवतं. अंधार द्यायला काहीच हरकत नाही, पण हे कारण साफ चुकीचं आहे आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे.

रेफ्युजियम म्हणजे मुख्य टँकच्याच पाण्यावर चालणारा वेगळा कप्पा, बहुतेक वेळा खाली सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टँकखालच्या जोडटाकीत. तिथे कीटोमॉर्फा (थोडक्यात कीटो) किंवा कॉलर्पा असलं समुद्री शेवाळ वाढवायचं, ते पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाऊन फोफावतं, आपण अधूनमधून मूठ-दोन मुठी काढून टाकतो आणि तेवढा कचरा टँकबाहेर जातो.

आता प्रकाशसंश्लेषण. पहिल्या टप्प्यात प्रकाशापासून एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू बनतात, दुसऱ्यात ते वापरून एका चक्रातून कार्बन डायऑक्साइडची साखर होते. दुसऱ्याला थेट प्रकाश लागत नाही असं पुस्तकात असतं, त्याला ‘डार्क रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि लोक समजतात की तो रात्री होतो. पण एटीपी-एनएडीपीएचचा साठा रात्रभर पुरत नाही हो, काही सेकंदांत संपतो! अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मेल्विन केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला हेच बघितलं होतं. काचेच्या पातळ चपट्या भांड्यात क्लोरेला शेवाळ, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४, बाहेरून दिवे, आणि ठरलेल्या क्षणी नमुना थेट गरम अल्कोहोलमध्ये सोडायचा म्हणजे सगळी रसायनं आहेत तिथेच थांबतात. दिवे बंद केले की कार्बन पकडणारा रेणू झपाट्याने कमी व्हायचा आणि पकडून झाल्यावर बनणारा पदार्थ तुंबून राहायचा, म्हणजे चक्र अर्ध्यातच अडकलं. या कामासाठी केल्विनना १९६१ चं नोबेल मिळालं.

आणि एवढ्यावर थांबत नाही. या चक्रातल्या काही एन्झाइम्सना चक्क कडी असते, गंधकाच्या दोन अणूंमधला बंध. उजेडात प्रकाशयंत्रणेतून सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या प्रोटीनकडे जातात, तिथून थायोरेडॉक्सिन नावाच्या छोट्या प्रोटीनकडे, आणि ते जाऊन हा बंध तोडतं, कडी निघते, एन्झाइम कामाला लागतं. अंधार झाला की बंध परत जुळतो. शिवाय उजेडात हरितलवकाच्या (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या भागाच्या) आतल्या द्रवाचा पीएच साधारण ७ वरून ८ पर्यंत चढतो, मॅग्नेशियमही वाढतं, आणि हे दोन्ही त्या एन्झाइम्सना मानवतं. म्हणजे साखर बनवण्याचं दुकान अंधारात शेवाळ स्वतःहून बंद करतं, नाहीतर एका बाजूने साखर बनव आणि दुसऱ्या बाजूने जाळ असा फुकटचा खर्च झाला असता.

मग अंधारात शेवाळ काय करतं? श्वसन. ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. मासे, बॅक्टेरिया आणि कोरलसुद्धा तेच करत असतात, त्यामुळे रात्रभर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, कार्बोनिक आम्ल बनतं आणि पीएच उतरत जातो, सगळ्यात कमी सकाळी लाइट लागायच्या जरा आधी. ८.३ वरून ८.० म्हणजे फरक छोटा वाटतो पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात, आणि कोरलला सांगाडा बनवायला ते जड जातं. खालच्या कप्प्यातलं शेवाळ नेमकं याच वेळी उजेडात ठेवलं तर वर तयार होणारा कार्बन डायऑक्साइड खाली ओढला जातो, वर ऑक्सिजनही मिळतो. वर दिवसा आणि खाली रात्री लाइट, या उलट्या वेळापत्रकाचं खरं कारण हे आहे! दिवसा वरच्या कोरलच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढायचं काम करतच असतं, तेव्हा रेफ्युजियमही चालू ठेवलं तर दुपारचा पीएच आणखी वर जातो, पहाटेला काही उपयोग नाही.

कॉलर्पाचं प्रकरण वेगळं आहे. अख्खं शेवाळ म्हणजे एकच महाकाय पेशी, आत असंख्य केंद्रकं, आणि प्रजननाच्या वेळी आतलं सगळं पाण्यात ओतून देऊन स्वतः मरतं, मागे पांढरं कातडं उरतं आणि महिनोन्महिने शोषलेलं नायट्रेट परत टँकमध्ये येतं. कॅरिबियन समुद्रात असलं सामूहिक प्रजनन पहाटेच्या सुमाराला होताना नोंदवलंय, म्हणून त्याला पहाटच होऊ नये यासाठी काही जण कॉलर्पावर चोवीस तास लाइट ठेवतात. कीटोला त्याची गरज नाही.

जादूच्या स्पेक्ट्रमच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या गुलाबी-जांभळ्या दिव्यांच्या मागे लागू नका. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण चांगल्या पांढऱ्या एलईडीत ते दोन्ही असतात. आणि नायट्रेट किंवा फॉस्फेट शून्यावर आलं असेल तर कुठलाही लाइट कितीही तास लावा, शेवाळ वाढणार नाही, तिथे उलट तास कमी करा.

सुरुवात रात्रीच्या ८-१० तासांनी करा, टायमरवर, मुख्य लाइट बंद व्हायच्या थोडं आधी चालू. मुख्य लाइट लागायच्या आधी आणि बंद व्हायच्या आधी असा दोनदा पीएच मोजा, आठवडाभर जुन्या वेळेला आणि आठवडाभर नव्या वेळेला. दोन आकड्यांतला फरक कमी झाला पाहिजे. फरक कमी झाला पण दोन्ही आकडे खालीच राहिले, तर खोलीच्या बंद हवेतलाच कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतोय, तिथे टायमर नाही, खिडकी उघडा.