टोकियोहून परतताना दोन तास जास्त का?

भाचीनं डिसेंबरचं टोकियोचं तिकीट माझ्यापुढे धरलं. दिल्लीहून रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला टोकियो, म्हणजे ११ तास. परतताना सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला दिल्ली, म्हणजे ६ तास. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना मामा, मग येताना दिल्लीच आपल्याकडे येते," असं उत्तरही तिनंच देऊन टाकलं. हे उत्तर इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो.

आधी घड्याळ जुळवू. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. तो फरक काढला की जायला साडेसात तास आणि यायला साडेनऊ. म्हणजे उलटंच! पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि आपणही, नाहीतर मुंबईत गच्चीवर उडी मारून सेकंदभर हवेत राहणारा माणूस चारशे मीटर पलीकडे पडला असता.

सरळ अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर. विमानं तिबेट टाळून दक्षिणेकडून जातात, कारण केबिनमधला दाब गेला तर झटपट तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं आणि तिथली जमीनच साडेचार किलोमीटर उंच आहे. पण हा वळसा जाताना-येताना सारखाच. मग दोन तास जातात कुठे?

वाऱ्यात. विषुववृत्तावर जमीन आणि हवा ताशी १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतात. तिथली तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे सरकते, तसं तिचं पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर घटतं. फुगडी खेळताना हात आखडून दोघी जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तसंच इथे होतं. ३० अक्षांशावर जमिनीचा वेग १,४५० च्या आसपास असतो, हवेचा मात्र वाढलेला. ही हवा जमिनीला मागे टाकून पूर्वेकडे धावते. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर असतो. पुढे थंडगार सायबेरिया आणि उबदार प्रशांत महासागर यांच्यातल्या तापमानाच्या फरकानं जपानवर तो आणखी जोर धरतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ मध्ये एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत अहवाल छापला. जगानं लक्षच दिलं नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं टोकियोवर याच वाऱ्यात सापडली.

अशा वाऱ्यात सीटसमोरच्या पडद्यावर कधी ताशी १,२०० दिसतात, आणि लगेच 'विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला' असे मेसेज फिरतात. ते खोटं आहे. तो वेग जमिनीच्या तुलनेतला. भोवतालच्या हवेत विमान ९०० नंच चाललेलं असतं.

जाताना मिळालेला वेळ येताना फिटतो, असं भाचीला वाटलं. तेही नाही. ६,००० किलोमीटरला वारा नसताना ६ तास ४० मिनिटं. ताशी १५० चा वारा पाठीशी असला तर ५७ मिनिटं वाचतात. तोच समोरून आला तर ८० मिनिटं जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं.

जूनमध्ये जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि हा फरक कमी होतो. भाचीचं तिकीट मात्र डिसेंबरचं आहे.